निरर्थकातील संस्कार

१८६९ पासून दारूगोळा कारखाना असलेल्या खडकीसारख्या बहुभाषी छावणीच्या गावात मराठी घरांतील नातवंडांच्या ओठी अनेकदा इंग्रजी यमके आधी येतात. यावर उपाय म्हणून आपली धाव तत्काळ बोधकथेकडे जाते. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' (१९६१) मधील प्राणी मात्र उपदेश करायला येत नाहीत. ते निव्वळ गंमत करतात. विंदांची वैचारिक कूस निराळी होती हे खरे. पण तेवढ्यासाठी हे पुस्तक घराबाहेर ठेवणे करंटेपणाचे ठरेल. मूल अर्थाआधी नाद पकडते. 'ळ' आणि 'ण' जिभेवर रुळतात ते वेडगळ यमकांनी, सुभाषितांनी नव्हे. पंचतंत्रासाठी पुढचे वय आहेच. शाखेवरील बालांच्या खेळांतही विक्षिप्त आरोळ्या असतात. त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाही.