गुन्हा एकाचा, दंड साऱ्या वस्तीला

२२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड याजवर गोळी झाडली. प्लेगच्या नावाने गोऱ्या शिपायांनी घराघरांतून घेतलेल्या झडत्यांचा तो सूड होता. आयर्स्ट हा दुसरा अधिकारी जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला.

खुनी हाती लागण्यापूर्वीच सरकारने शहराला शिक्षा फर्मावली. जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांच्या माथी मारला. नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशन २५ अन्वये खटल्याविना बंदीत टाकले. टिळकांना लेखनासाठी १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि १८९८ साली राजद्रोहाचे कलम अधिकच व्यापक केले गेले.

कोणी विचारील, याचे आपणांस काय? टिळकांनी १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यास विरोध केला. नातू व चाफेकर हेही सनातनीच. परंतु येथे प्रश्न माणसांचा नसून न्यायाचा आहे. जो हक्क विरोधकास नाकारला जातो, तो आपणांसही फार दिवस लाभत नाही.

१५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत जे कलम मांडले, तेच आजचे कलम २२ होय. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे त्याने बंधनकारक केले. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेस मात्र वाव राहिला, हेही विसरता कामा नये.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या उद्रेकात पोलीस आपल्या वस्त्यांत शिरले. अटकेतील सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. रेग्युलेशन गेले, एकाच्या कृत्यासाठी साऱ्या वस्तीस धरण्याची वृत्ती गेली आहे काय?

प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे पहिले शील आपण ग्रहण केले आहे. खून हा आपला मार्ग नव्हे. रक्तपाताचे मार्ग सोडावेत असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावले होते. पण निमूटपणे अन्याय सोसणे म्हणजे शील नव्हे. ढाणकी असो वा परभणी, पोलीस दारी आले तर अटकेचे कारण विचारा, वेळ लिहून ठेवा, नातलगांस कळवा. कोठडीतील प्रत्येकास विनामूल्य वकील मागण्याचा हक्क आहे, तो मागा. आणि धरलेला इसम आपल्या मताचा नसला, तरीही त्याच्यासाठी मागा.

जयभीम!