गोगलगायीवर मिठाची पुडी कशाला?

मृगाच्या दोन सरी पडल्या की पांढरकवडा-केळापूरच्या आवारांतून सल्ल्यांनाही कोंब फुटतात. परसात टाकलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, दोन पानांवर येतो आणि एका रात्रीत वाफा साफ होतो. सकाळी उरतात ते कोवळ्या देठांचे खुंट, आणि कुंडीच्या काठावरून गेलेली वाळल्या चिकटाची चकचकीत रेघ. ही बिनशंखाची गोगलगाय. तिच्यासाठी कुणी मीठ सांगतं, कुणी अंड्याची टरफलं, कुणी कॉफीचा चोथा. कृषी सेवा केंद्रात गेलात तर गोळ्यांचं पाकीट पुढे येतं. माझं या सगळ्यांशी भांडण आहे, आणि सर्वांत मोठं मिठाशी, कारण मीठ खरोखरच काम करतं.

गोगलगायीच्या अंगात बहुतेक पाणीच. मीठ पडलं की ते बाहेर ओढलं जातं आणि ती मरते, यात वाद नाही. पण मिठाचं पुढे काय होतं? पहिल्याच पावसात ते विरघळून मातीत उतरतं. आपली माती काळी, चिकण, पाण्याने फुगणारी. तिच्यात सोडियम वाढला की कण एकमेकांना धरून राहत नाहीत, बारीक छिद्रं बुजतात, पाणी मुरेनासं होतं आणि वर पापडी धरते. वऱ्हाडच्या माणसाला हे शिकवायला नको. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा त्याला ठाऊक आहे. तिथे विहिरीला पाणी असूनही ते पिकाला द्यावं की नाही याचा विचार करावा लागतो. तो पट्टा निसर्गाने केला. आपल्या वाफ्यात तो चिमटी-चिमटीने आपणच का तयार करायचा?

टरफलांचं उलटं. ती निरुपद्रवी आहेत, पण निरुपयोगीही. तर्क असा की टोकदार कडांवरून मऊ अंगाचा प्राणी जाणार नाही. गोगलगाय जमिनीवरून चालत नाही, स्वतःच्या चिकटावरून चालते, हे या तर्कात बसत नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, सालपट आणि लोकरीच्या गोळ्या लेट्यूसभोवती लावून पाहिल्या आणि 2018 मध्ये सांगितलं की काहीही न लावलेल्या रोपांच्या तुलनेत नुकसानीत फरक पडला नाही. कॉफीच्या सल्ल्याला निदान वंशावळ तरी आहे. हवाईतल्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं की एक-दोन टक्के कॅफीनच्या द्रावणाने गोगलगायी मरतात. पण पेल्यातल्या कॉफीत त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंही कॅफीन जेमतेम असतं. चोथ्याचं तर विचारूच नका. बिअरच्या वाटीत त्या पडतात ते आंबल्या वासाने. गूळपाण्यात यीस्ट घातलं तरी पडतात. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे म्हणून तिथल्या गोगलगायी सुखात आहेत असं समजू नये.

आता गोळ्या. त्यांत मेटाल्डिहाइड असतं आणि त्याने गोगलगाय मरते. पण ती खायला यावी म्हणून गोळीत कोंड्यासारखं खाद्य घालतात, आणि ते कुत्र्यालाही आवडतं. पोटात गेलं की थरथर, मग झटके. ब्रिटनने 2022 पासून उघड्यावर हे औषध वापरायला बंदी घातली. मराठवाड्यात त्याच वर्षी लातूर-बीडकडे एकरांवारी सोयाबीन शंखी गोगलगायींनी खाल्लं. तिथे शेतकऱ्याने गोळ्या टाकल्या असतील तर त्याला बोल लावणार नाही. त्याचं वर्ष बुडत होतं. अंगणातल्या चार वाफ्यांत, जिथे पोर रांगतं आणि कोंबड्या चरतात, तिथे तो न्याय लागू होत नाही. शिवाय 2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली आणि शेकडो दवाखान्यात गेली. त्या जिल्ह्यात कुणी घराच्या सांबारासाठी विष सुचवताना जरा तरी अडखळावं.

दुसऱ्या टोकाला भूतदयावादी आहेत. ते म्हणतात, मारू नका, उचलून नाल्यापलीकडे सोडा. शंखी गोगलगायीचा इतिहास त्यांनी ऐकावा. बेन्सन नावाच्या हौशी शंखसंग्राहकाने 1847 मध्ये ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, तिथल्या बागेत सोडली गेली आणि तिचीच प्रजा देशभर पसरली. बरं, आपल्या परसातल्या चपट्या काळ्या गोगलगायीचं मूळही आफ्रिकेतच मानतात. तेव्हा निसर्गाचा समतोल आपोआप साधेल, हे म्हणणं इथे लंगडं पडतं.

मग करायचं काय? रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वाफ्यात वाका. दिवसा जिथे काही दिसत नाही तिथे ती असते: चपलेच्या तळव्यासारखी सपाट, काळपट, पाठीवरून मधोमध फिकट रेघ, आणि पुढे दोन आखूड शिंगं जी स्पर्श होताच आत जातात. चिमट्याने उचला आणि साबणाच्या दाट पाण्यात टाका. नुसत्या हाताने नको. उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी गोगलगायीतून माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो, म्हणून पालेभाजीही पान-पान करून धुवावी. वाकणं जमत नसेल तर संध्याकाळी ओलं पोतं किंवा फळकूट वाफ्याकडेला टाकून ठेवा. पहाटे सगळ्या त्याच्याखाली दडलेल्या सापडतात. सूर्य वर येण्याआधी उलटा, नाहीतर त्यांना तुम्ही फक्त घर बांधून दिलंत.

याहून मोठं काम दिवसाचं आहे. विटांची चळत, फुटक्या कुंड्या, भिंतीला टेकवलेली पऱ्हाटी, कुजकं कुटार, हे त्यांचं माहेर. तिथेच ओल्या मातीत अंडी असतात. कुंड्या विटांवर उचलून ठेवा आणि पाणी सकाळी घाला. नळ संध्याकाळी येत असेल तर भरून ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये 1998 साली हे तपासलं गेलं तेव्हा सकाळी पाणी दिलेल्या लेट्यूसचं नुकसान संध्याकाळच्यापेक्षा बरंच कमी निघालं. पाऊस वेळ विचारून येत नाही हे खरं. म्हणून हा उपाय आषाढापेक्षा उघडिपीत आणि भादव्यानंतर जास्त कामाचा. भारद्वाज आवारात उतरत असेल तर त्याला हाकलू नका. तो मोकळ्यावर आलेल्या गोगलगायी खातो, आणि विषारी गोळी खाल्लेली गोगलगायही तोच खाईल.

रोज रात्री वेचत कोण बसणार, असं विचारतील. रोज नाहीच. रोप चार-सहा पानांचं होईस्तोवरच धोका मोठा. पुढे ते खाल्ल्यापेक्षा जास्त वाढतं. तेवढे दिवस जेवणानंतर शतपावली अंगणात घातली तरी पुरे. आणि तेही नको असेल तर सांबार कुंडीत न टाकता बाजारातून दहा रुपयांचा आणावा. पण कुंडीत मीठ टाकू नये, पुढच्या वर्षी तिथे काही लावावंसं वाटलं तर माती शाबूत असेल.