मोठ्या काडतुसाचा हिशेब

मोठ्या रायफलींच्या काडतुसांवर दोन माणसं बोलायला बसली की तिसऱ्याने उठून जावं, इतका तो वाद शिळा झाला आहे. एक म्हणतो, जुनं ते सोनं, ४७० नायट्रो एक्सप्रेससारखं काडतूस पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, अहो, ती आजोबांच्या काळची गोष्ट झाली. आता ४५८ मॅग्नम आहे, ४१६ रेमिंग्टन आहे, तेच काम कितीतरी स्वस्तात होतं. मग वेगाचे आणि वजनाचे आकडे निघतात. कोणाची गोळी किती जोरात सुटते यावर चहाचे चार कप संपतात. पण गोळी सुटल्यावर रानात कोण उतरलं, हे दोघांपैकी कोणीही सांगत नाही.

मी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातला, ताडोबाच्या बाजूच्या एका गावचा. आमच्या घरातली माणसं शिकारी नव्हती, हाक्याची होती. साहेबलोक मचाणावर बसायचे आणि आमचे लोक डबे, ढोल वाजवत रान उठवायचे. माग काढणं, रेडकू बांधणं, मचाण बांधणं ही कामं आमचीच. १९७० साली वाघाची शिकार बंद झाली, १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि तो धंदा संपला. बरं झालं. तेव्हा हे लिहिणं शिकारीच्या आठवणीने गळा काढण्यासाठी नाही. काडतुसाचा हिशेब चुकीच्या टोकाकडून मांडला जातो, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी जुन्यांचे गोडवे गाणाऱ्यांकडे वळू. त्यांना वाटतं, ती लांबलचक काडतुसं कोण्या ऋषीने ध्यान लावून वाघ-हत्तींसाठी घडवली. तसं काही नाही. आधी काळी दारू होती. तिला जागा फार लागायची, म्हणून पुंगळी लांब. पुढे कॉर्डाइट नावाची नवी, जोरदार दारू आली. १८९८ च्या सुमारास रिग्बीने ती त्याच जुन्या लांब पुंगळीत भरली आणि ४५० नायट्रो एक्सप्रेस तयार झालं. ४८० ग्रेनची गोळी, सेकंदाला २१५० फूट वेग. ग्रेन म्हटलं की लोक गोंधळतात, म्हणून आपल्या सोनाराच्या मापात सांगतो. १८० ग्रेनचा एक तोळा. म्हणजे ही गोळी झाली पावणेतीन तोळ्यांना किंचित कमी.

मग ४५० चं ४७० का झालं? ४५० वाघाला कमी पडत होतं म्हणून नव्हे. सरकारला भीती वाटली म्हणून. मार्टिनी-हेन्री ही फौजी बंदूक त्याच मापाची होती. शिकाऱ्यांच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती लागल्या तर त्या फौजेवरच उलटतील, या धास्तीने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० मापावर बंदी आली. बंदुकीच्या कारखानदारांनी लगेच थोडं इकडे, थोडं तिकडे सरकून ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशी मापं बाजारात आणली. आज ज्या ४७० च्या नावाने लोक डोळे मिटतात, त्याचं भाग्य असं सरकारी बंदीने उजळलेलं आहे. जनावराने काही ४७० मागितलं नव्हतं.

पण त्या जुन्या काडतुसात एक शहाणपण होतं, ते मान्य करायला हवं. पुंगळी मोठी, दारू मानाने कमी, त्यामुळे आतला दाब कमी. आमच्याकडच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या नळीला हात लावून बघा, कातडी चिकटते. कॉर्डाइट उष्णतेला फार हळवी. तापली की दाब वाढायचा आणि रिकामी पुंगळी नळीत अडकून बसायची. समोर जखमी जनावर आणि हातातली पुंगळी निघत नाही, हा प्रसंग काय असतो ते खुर्चीत बसून कळत नाही. दाब मुळातच कमी असला की एवढ्या तापातही पुंगळी सुटते. १९११ ची ४१६ रिग्बी एवढी ऐसपैस आहे ती याच कारणाने. १९१२ ची ३७५ हॉलंड अँड हॉलंडही उतरती, निमुळती आहे, सहज आत जाते आणि सहज बाहेर येते. एवढं शहाणपण जुन्यांचं.

आता नव्यांकडे येऊ. १९५६ साली अमेरिकेत विंचेस्टरने ४५८ मॅग्नम काढलं. कल्पना धंद्याच्या दृष्टीने उत्तम होती. ४७० साठी हाताने घडवलेली दुनळी लागायची, तिची किंमत म्हणजे एखाद्या मालगुजाराची शेती. ४५८ ची पुंगळी अडीच इंचांची, तर ४७० ची सव्वातीन इंचांची. आखूड असल्यामुळे ती साध्या बोल्टच्या रायफलीत बसली आणि मोठी बंदूक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण तेवढीच जड, ५०० ग्रेनची गोळी तेवढ्याच वेगाने आखूड पुंगळीतून काढायची म्हणजे दारू दाबून, ठासून भरायला हवी. दाब गेला साधारण दीडपटीवर. त्यात ती दाबलेली दारू जुनी झाली की ढेकूळ व्हायची, नीट पेटायची नाही, आणि डब्यावर छापलेला वेग प्रत्यक्षात मिळायचा नाही. जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ साली मोझांबिकमध्ये रानरेड्याने शिंगावर घेतलं, तेव्हा त्याच्या हातात ४५८ च होती. बरा झाल्यावर त्याने तेच काडतूस लांब केलं आणि १९७१ साली ४५८ लॉट जन्माला आलं. म्हणजे कंपनीने वाचवलेली पाव-अर्धा इंच पितळ कोणाच्या अंगावर आली, ते बघा.

आणि त्यापुढचे तर नुसते आकड्यांचे भुकेले. ४६० वेदरबी घ्या. ५०० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २६०० फूट, जोर साडेसात हजार फूट-पौंड. ४७० चा जोर पाच हजारांच्या थोडा वर. दीडपट जोर झाला, पण बार काढणाऱ्याचा खांदा काही दीडपट झाला नाही.

इथे मला माझ्या मामांबद्दल सांगायलाच हवं. ते मागकाढे होते. साठच्या दशकात एका शिकार कंपनीचा परदेशी पाहुणा आमच्या रानात आला होता. त्याची कोरी करकरीत ४५८ बघायला आम्ही पोरं झाडामागे गोळा झालो. माणूस वाईट नव्हता, आम्हाला गोळ्या-बिस्किटं देत होता. पण त्या रायफलीच्या धक्क्याला तो भ्यायचा. कॅम्पवर निशाण धरताना घोडा ओढायच्या आधीच त्याचे डोळे मिटायचे, हे आम्हा पोरांनाही दिसत होतं. वाघ मचाणापासून चाळीस पावलांवर आला. गोळी लागली पोटात. वाघ गेला नाल्यात. दुसऱ्या दिवशी पाहुण्याला नागपूरहून गाडी गाठायची होती. तेंदूपानाचा हंगाम होता, सकाळी सहाला गावच्या बाया त्याच नाल्याच्या काठाने जाणार होत्या. मग नाल्यात कोण उतरलं? माझे मामा, उसनी घेतलेली बारा बोर घेऊन. बारा बोर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा गोळ्या, एकेक सव्वातीन तोळ्यांची. जुनी, संथ, आकड्यांच्या वादात कोणी तोंडी न लावणारी बंदूक. वाघ त्यांनी मारला, पण मामांचा डावा हात कोपरापासून कायमचा वाळला. कंपनीने पन्नास रुपये दिले. पुढे कोणी त्यांना विचारलं की ते एवढंच म्हणत, "मोठी बंदूक पाहून वाघ भेत नाही बाबू. लागली कुठं, ते पाह्य."

जुन्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. आमच्याच भागातल्या एका जुन्या घराण्याकडे इंग्रजी दुनळी होती, बघत राहावी अशी. काडतुसं मात्र पंधरा-वीस पावसाळे बघितलेली. एकदा गव्यावर पहिला बार झाला आणि दुसरा नुसताच टक् वाजला. गवा गेला तो गेला. पुढचे आठ दिवस त्या बाजूला गुरं चारायला कोणी धजेना. दुनळी कितीही देखणी असो, ओल लागलेली दारू पेटत नाही.

मग खरं माप कोणतं? गोळी योग्य जागी गेली का, आणि गेली तर आत कुठवर गेली. बस. डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यांतले बरेचसे ७ मिलिमीटरच्या लहान रायफलीने. गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे तोळाभरही नाही. पण ती लांब, बारीक आणि सबंध कवचाची, त्यामुळे सरळ आत जायची. आणि बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवलं होतं. हे सांगण्याचा अर्थ प्रत्येकाने लहान बंदूक घ्यावी असा नाही. बेलसारखा हात लाखात एखादा. अर्थ असा की बंदूक मोठी केली म्हणून मधला अभ्यास टळत नाही.

नव्यांच्या पदरात एक गोष्ट मात्र मोकळ्या मनाने टाकतो. खरी सुधारणा झाली ती गोळीत. पूर्वीची मऊ टोकाची गोळी जाड हाडावर फुटून विखरायची, शिसं एकीकडे आणि कवच दुसरीकडे. आता शिसं कवचाला घट्ट जोडलेल्या किंवा अख्ख्या तांब्याच्या गोळ्या निघाल्या, त्या फुलतात पण तुटत नाहीत. दारूही आता उष्णतेला तेवढी हळवी राहिली नाही. गंमत बघा, ही नवी गोळी जुन्या ३७५ त घातली की शंभर वर्षांची म्हातारी आजच्या कोणत्याही पोरीबरोबर चालते. म्हणजे कमाई गोळीची आणि मिरवणूक पुंगळीची.

चंपावतची वाघीण वाचकांना ठाऊक असेल. १९०७ साली जिम कॉर्बेटने तिला मारलं तोवर तिने ४३६ माणसं खाल्ल्याची गणती होती. तिचे उजवीकडचे वरचे-खालचे दोन्ही सुळे तुटलेले होते, कुणाच्या तरी जुन्या गोळीने. तिला मारणाऱ्याचं नाव शाळेतली पोरंही सांगतात. तिचे सुळे तोडून घरी गेलेल्याचा हिशेब कोणत्या पानावर लिहायचा?

तुम्ही म्हणाल, शिकार बंद झाली, आता हा वाद कशाला? बंद झाली वाघाची. रानडुकरांनी धान, तूर, हरभरा उलथून टाकलाय आणि वनखात्याकडे अर्ज करून पीक खाणाऱ्या डुकराला मारायची परवानगी मिळू शकते. परवानगी आली की शहरातून हौशी मंडळी येतात. मोबाइलवर बघून शिकलेली आमची पोरंही त्यांच्याभोवती जमतात आणि विचारतात, दादा, याच्यापेक्षा मोठं काडतूस येतं का? अरे, डुक्कर ते, तुरीत शिरलं की पाच पावलांवरचं दिसत नाही. एलजीचे छर्रे असोत की ३१५ ची गोळी, पोटात लागलेलं डुक्कर सकाळी तुरी कापायला गेलेल्या बाईच्या मांडीवर सूड उगवतं. तिला काडतुसाचा नंबर सांगून काय उपयोग?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्याला बार काढायचा त्याने आधी गावापुढे पाच गोळ्या निशाणावर मारून दाखवाव्यात, डोळे उघडे ठेवून. काडतूस शंभर वर्षांपूर्वीचं असो की कालचं, आमची हरकत नाही. आणि परवानगीच्या कागदावर एक ओळ वाढवा : जखमी जनावर सापडेपर्यंत मी गाव सोडणार नाही आणि त्याच्या मागावर पहिलं पाऊल माझं असेल. त्याखाली सही घ्या. सही न करता जो गाडीत बसेल, त्याची रायफल कितीही मोठी असली तरी आमच्या शिवारात ती नको.