तीन काड्यांची वेल

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात दिंडोरीहून एक जाडजूड पाकीट आलं. आत फुलस्केपचे चार कागद, आठवीतल्या एका मैत्रिणीने लिहिलेले. ती म्हणते, ‘ताई, मला नाटकं वाचायचं वेड आहे. आरशासमोर मी "नटसम्राट"मधले अप्पासाहेब बेलवलकर होते. रविवारी दादाबरोबर रामसेजवर जाऊन वहीत नोंदी करते. शिवाय शाळेच्या बेसबॉल संघात आहे. बाबा म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या! आमची द्राक्षबाग आहे. वेलीवर सगळेच घड ठेवले तर एकही नीट भरत नाही, म्हणून जूनपासून एकच छंद ठेव, असं त्यांचं म्हणणं. ताई, कोणते दोन बंद करू?’

शेवटचं वाक्य दोनदा गिरवलेलं आहे. म्हणजे प्रश्न गमतीचा नाही.

मैत्रिणी, तुझ्या तिन्ही वेडांकडे जरा नीट बघूया.

आधी रामसेज. आशेवाडीजवळचा हा किल्ला. 1682 साली, संभाजी महाराजांच्या काळात औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला. किल्ला चिमुकला, पण वर्षानुवर्षं हाती लागेना! गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकूड पोखरून त्यावर कातडं चढवून तोफा केल्या, असं सांगतात. ही नुसती गावगप्पा असेल का? नाही. खाफीखान या मोगलांच्या बाजूच्या इतिहासकारानेही ते लिहून ठेवलंय. त्याने लिहिलं ते वेढ्यानंतर बऱ्याच वर्षांनी, हे खरं. पण शत्रूच्या बाजूचा माणूस किल्लेदाराचं कौतुक करतो, तेव्हा ते जास्त वजनदार ठरतं. कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कोणाच्या बाजूने लिहिलं, हे तीन प्रश्न तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आता बेसबॉल. दोस्तांनो, तुमच्यापैकी ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, दोन बेसमधलं अंतर 90 फूट, एका संघात 9 खेळाडू. पण खरी गंमत त्याच्या गुणपत्रकात आहे. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. चेंडू टाकणारा 1, त्याच्यासमोर बसून झेलणारा 2, असं करत 9 पर्यंत. गुणपत्रकात ‘6-4-3’ दिसलं की समजायचं, शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकला, त्याने पहिल्याकडे, आणि बहुतेक वेळा एका फटक्यात दोन गडी बाद! पन्नास वर्षांनी कोणी तो कागद उघडला तरी अख्खा डाव त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहील. म्हणजे मैदानावरही तू इतिहासच लिहितेस की!

आणि नाटक? तुझे अप्पासाहेब पहिल्यांदा रंगमंचावर आले 1970 साली, डॉ. श्रीराम लागूंच्या रूपात. ते लिहिणारे वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, लहानपणी तुझ्या शेजारच्या पिंपळगाव बसवंतला राहिले होते. नाशिकच्याच वसंत कानेटकरांनी शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्यातल्या ताणावर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं. ते 1962 साली रंगभूमीवर आलं. आता बघ, ज्या संभाजीराजांच्या काळात रामसेज लढला, तेच या नाटकात बोलतात! कागदपत्रं सांगतात काय घडलं. घडत असताना माणसाच्या मनात काय चाललं असेल, ते नाटककार शोधतो. फक्त दोन्हींची गल्लत करायची नाही. नाटकातलं वाक्य पुरावा म्हणून वहीत उतरवायचं नाही.

आता बाबांविषयी. ते चुकले असं मी म्हणणार नाही. विरळणी न केलेल्या वेलीचं काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण त्यांना एक विचार. बाबा, विरळणी कोणत्या छाटणीनंतर? घडांची विरळणी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीला काड्या वाढवू देतात. जादा फुटवे तेव्हाही काढतातच, पण अख्खी वेल एका काडीवर कोणी ठेवत नाही. कोणत्या काडीवर घड येतील हे तेव्हा कुठे ठाऊक असतं? आठवी म्हणजे एप्रिल, दुसरं काय!

पण एक अट. काडी नुसती लांबली तर उपयोग नाही, ती पिकायलाही हवी. दिवाळीपर्यंत तिन्हींतली एकेक गोष्ट पुरी कर. रामसेजवर दहा पानांची वही, एका सामन्याचं पूर्ण गुणपत्रक आणि गल्लीतल्या मुलांना घेऊन एक प्रवेश. जे पुरं करताना कंटाळा येईल ते तुझं तुलाच कळेल. तुझा ऑक्टोबर येईल तेव्हा एखादी काडी कापावीही लागेल, पण ती कात्री तुझ्या हातात असू दे.

तर दोन छंद बंद करायचे का? यंदा एकही नाही. हे पान बाबांना वाचून दाखव. आणि ते काय म्हणाले, ते मला कळव. हो म्हणाले तरी आणि नाही म्हणाले तरी.

बाकीच्या दोस्तांनो, तुमच्या वेलीला किती काड्या आहेत? पोस्टकार्डावर लिहा.

तुमची,
ताई