बी राखते ती, सल्ला मिळतो त्याला

सोयाबीनच्या पिशवीवर ‘केडीएस ७२६’ असं छापलेलं असतं. त्यातलं ‘केडी’ म्हणजे सांगलीजवळचं कसबे डिग्रज! राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या तिथल्या केंद्रातला हा ‘फुले संगम’ वाण. साताऱ्यात पाडेगावला तर १९३२ पासून उसावर संशोधन चालू आहे. संशोधन असं दाराशी. पण मेळाव्याला जातो तो बहुतेकदा सातबाऱ्यावर नाव असलेला. बी निवडून, वाळवून ठेवणारी घरीच.

२०२० च्या खरिपात राज्यात कितीतरी ठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली. खरं तर सोयाबीनचं घरचं बी चालतं. फक्त साल नाजूक, म्हणून पोती आपटायची नाहीत. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे. आठवड्याभरात सत्तर तरी उगवले, तर बी पेरण्याजोगं. मटकीला मोड आणणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवायला नको, पण कुणी सांगायला तरी हवं ना! विद्यापीठाची माणसं गावात येतातच. मग एक चक्कर बचत गटाच्या बैठकीलाही का नको? तीही मे महिन्यात, पोती सोडायच्या आधी.