परमुलखातले पोर
मॉर्मन पंथाचा विशीतला प्रचारक दोन वर्षे घर सोडून राहतो. स्कॉटलंडचा ह्यू फिंडले १८५०च्या दशकात याच कार्यास्तव पुण्यास आला व मराठीही शिकला. व्रत खडतर खरेच. परंतु पंथ त्या तरुणास एकटा सोडीत नाही. जोडीदार सदैव बरोबर असतो. २०१९ पासून दर आठवड्यास घरी बोलण्याची मुभाही आहे. लातूर-बीडहून चाकणला येणाऱ्या आयटीआयच्या पोरास काय मिळते? कॉट बेसिसची खोली, मेसचा डबा, रात्रपाळी. तापाने फणफणला तर पाणी देणारा सोबतीही पाळीवर गेलेला! औद्योगिक विकास महामंडळाने कारखान्यांना भूखंड, रस्ते, पाणी दिले. त्याच आराखड्यात या मुलांच्या वसतिगृहांसाठी पुरेशी जागा राखण्यास अडचण कोणती?