घुमानपर्यंत गेलेला विठ्ठल

परमुलखातल्या आपल्या मराठी मंडळात एक वाक्य अधूनमधून कानावर पडतं : गाव सुटलं, तसा देवही सुटला. म्हणणारी माणसं नास्तिक नसतात. घरात देव्हारा असतो, एकादशी पाळली जाते. पण आईवडील गेलेले असतात, तिकडचं घर विकलेलं असतं, मुलं वेगळ्याच भाषेत मोठी झालेली असतात. जिवाला आधार वाटावा असं काहीच जागेवर उरलं नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांचं दुःख खरं आहे. त्यातून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्यासाठी मी साक्षीला नामदेवांना बोलावतो.

पंढरपुराशी नामदेवांइतका घट्ट बांधलेला संत दुसरा नाही. तीर्थावळीच्या अभंगांत ज्ञानदेव त्यांना यात्रेला चला म्हणतात, तेव्हा त्यांचा पाय निघत नाही. विठ्ठल समोर उभा असताना आणखी कुठलं तीर्थ करायचं? शेवटी विठ्ठलच त्यांना ज्ञानदेवांच्या हाती सोपवतो. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. भक्ताला पायाशी बांधून ठेवणं हे या देवाच्या प्रेमाचं लक्षण नाही; त्याला दूर जाऊ देणं हेही त्याच प्रेमात येतं.

औंढ्या नागनाथची कथा आपल्याला ठाऊक आहे. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. नामदेव संतापले, तेव्हा विसोबा म्हणाले की जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना अशी जागा सापडली नाही. गाभाऱ्यात देव आहे हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. गाभाऱ्याबाहेर तो तसूभरही कमी नाही, हे तिथे शिकायचं होतं.

मग १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. पाठोपाठ सोपान, मुक्ताई, निवृत्तीनाथ गेले. ज्यांच्या संगतीत नामदेव घडले, ती माणसं पाहता पाहता नाहीशी झाली. समाधीचे अभंग एकदा सलग वाचा. त्यांत नामदेव डोळे पुसून शहाणपण सांगत बसत नाहीत. ते रडतात, तळमळतात, आणि पांडुरंग त्या सोहळ्यात त्यांच्या शेजारी आहे. देवाचं प्रेम अढळ आहे, म्हणून शोक करू नये, असं आपण एकमेकांना सांगतो ते चुकीचं आहे. २०२० मध्ये विमानं बंद झाली आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना आईवडिलांचं शेवटचं दर्शनही झालं नाही. त्यांना असलं सांत्वन देताना आपण त्यांच्या रडण्याचा हक्कच काढून घेतला. त्याच वर्षी आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. रीत मोडावी लागली. विठ्ठलाची माया मोडली, असं म्हणायला एकही वारकरी धजला नाही.

परंपरा सांगते की पुढे नामदेव उत्तरेकडे गेले आणि पंजाबात, आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला अनेक वर्षं राहिले. बोली वेगळी, अन्न वेगळं, हवा वेगळी. आपल्याला हे सांगायला नकोच. त्यांनी त्या मुलखाला कळेल अशा बोलीत पदं रचली. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, आणि आज गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांत राम आहे, गोविंद आहे आणि बीठलही आहे. म्हणजे चंद्रभागेकाठचा देव शिंप्याच्या या मुलाबरोबर पंजाबात गेला आणि तिथल्या लोकांचाही झाला. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्यापोटी.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. देव बदलत नाही, असं म्हणणाऱ्यांनीच जगातलं काहीही बदलू नये म्हणून देवाला वेठीला धरलं आहे. चोखोबांना हयातभर मंदिरात पाऊल टाकता आलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या त्या नामदेवांनीच, आणि समाधी झाली ती महाद्वारासमोर, बाहेर. ते दार दलितांना उघडण्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. विठ्ठलाचं चोखोबांवरचं प्रेम त्या सहा शतकांत कमी-जास्त झालं नव्हतं. बदलायचं होतं ते दार. अढळ प्रेमावर भरवसा असेल, तर जुन्या चौकटी हलवायला भीती कशाला?

म्हणून मंडळात दरवर्षी होणारा वाद मला अस्थानी वाटतो. गणपती शनिवारी बसवला तर चालेल का, मुलांनी रोमन लिपीतून अभंग वाचला तर तो अभंग राहतो का? चालेल, आणि राहतो. जी सून मराठी नाही तिनं आरतीचं ताट धरलं तर तेही चालतं. आपल्या पोरांना तिकडच्या रीती जशाच्या तशा देणं आपल्याच्यानं होणार नाही. पण तुम्ही कुठेही असा, कसेही असा, तो तुमचा आहे, हे त्यांना सांगता येईल.

जगभर गुरुद्वारे आहेत आणि त्यांत नामदेवांचे शबद गायले जातात. कार्यकारिणीला माझी विनंती आहे : येत्या आषाढीला आपल्या सभागृहातलं भजन आटोपल्यावर मुलांना घेऊन आपल्या शहरातल्या गुरुद्वारात जाऊ या. तिथल्या रागींना आधीच भेटून नामदेवांचा एखादा शबद गाण्याची विनंती करू. तो ऐकून लंगरला बसू, आणि पुढच्या एकादशीला त्या मंडळींना आपल्याकडे अभंग ऐकायला बोलावू.